पाचोळ्याची बाजू

घरी कंपोस्ट करून पाहिलं आणि मग सोडून दिलं, असं सांगणारी माणसं शहरात हल्ली बरीच भेटतात. कारण विचारलं की तीनच उत्तरं येतात. वास यायला लागला. डब्याच्या तळाशी काळं पाणी साचलं. अळ्या झाल्या. यानंतर घरातल्या कोणीतरी निर्वाणीचा इशारा दिलेला असतो आणि डबा गॅलरीतून माळ्यावर, माळ्यावरून भंगारात गेलेला असतो.

ही तीन दुखणी वेगळी वाटली तरी मूळ एकच आहे, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. त्या डब्यात ओलं भरपूर होतं आणि सुकं जवळजवळ नव्हतंच. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा रोज तयार होतो, त्यामुळे तो डब्यात पडतोच. त्याच्या जोडीला जे कोरडं, खरखरीत सामान लागतं ते स्वयंपाकघरात तयार होत नाही. ते अंगणात, सोसायटीच्या आवारात, रस्त्याच्या कडेला पडतं, आणि तिथे आपण त्याला काडी लावतो. कंपोस्टवरची बहुतेक माहितीपत्रकं ओल्या कचऱ्यापासून सुरू होतात आणि सुक्या पानांना एखादी ओळ देऊन पुढे जातात. म्हणून ही प्रस्तावना पाचोळ्याच्या बाजूने लिहिली आहे.

आधी थोडं रसायन, कारण त्याशिवाय बाकीचं नुसतं पथ्यपाणी वाटतं. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशांना कार्बन लागतो तो ऊर्जेसाठी, आणि नत्र लागतं ते स्वतःचं शरीर बांधायला. एक भाग नत्राला 25 ते 30 भाग कार्बन असं प्रमाण जमलं की त्यांचं काम झपाट्याने चालतं. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात हे प्रमाण साधारण 15 ते 20 असतं, म्हणजे नत्र जास्त. झाडाच्या सुक्या पानांत ते 40 ते 80 पर्यंत जातं आणि लाकडाच्या भुशात 200 च्याही वर. नुसता ओला कचरा कुजायला ठेवला तर वापरात न आलेलं नत्र अमोनिया होऊन उडतं. नाकात झोंबणारा वास येतो तो त्याचा. नुसती पानं ठेवली तर वास अजिबात येत नाही, पण वर्ष जातं.

पण माझ्या मते रसायनापेक्षा महत्त्वाची आहे ती हवा. भाजीपाल्यात 80 ते 90 टक्के पाणी असतं. पेशी फुटल्या की ते सुटतं, लगदा खाली बसतो, मधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि प्राणवायूवर जगणारे जिवाणू गुदमरतात. त्यांची जागा बिनहवेचे जिवाणू घेतात आणि मग सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. सुकं पान इथे दोन कामं एकदम करतं. सुटलेलं पाणी पितं आणि लगद्याला खाली बसू देत नाही. ढिगाची ओल 50 ते 60 टक्के असावी असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. घरात ती मोजायची सोपी रीत म्हणजे मूठभर माल घट्ट आवळायचा. एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये.

आता हिशोब. चार माणसांच्या घरात, भाज्या-फळं बऱ्यापैकी खाल्ली जात असतील तर, रोज एक किलोच्या आसपास ओला कचरा निघतो असं धरू. त्यातलं पाणी वजा केलं तर सुका ऐवज उरतो जेमतेम 200 ग्रॅम. कार्बन-नत्राचं प्रमाण पंचविशीच्या वर न्यायचं आणि ओलही आटोक्यात आणायची तर त्या किलोमागे 250 ते 300 ग्रॅम सुकी पानं लागतात. वजनाला हे किरकोळ वाटतं, पण सुकी पानं हलकी असतात; आकारमानाने ती ओल्या कचऱ्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरतात. म्हणजे एक वाडगा ओल्यावर चिमूटभर पानं भुरभुरवून चालत नाही, दोन वाडगे लागतात. आणि वर्षाचा हिशोब शंभर किलोच्या आसपास जातो. शंभर किलो पाचोळा! गॅलरीत कंपोस्ट करायला निघालेल्या कोणालाही हा आकडा आधी सांगितला जात नाही.

हा पाचोळा आपल्याकडे नाही असंही नाही. जानेवारीपासून मार्चपर्यंत महाराष्ट्रातल्या शहरांत तो इतका पडतो की झाडणाऱ्यांना पुरे होतं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं पावलाखाली थरच करतात. देशी बदामाची लाल पानं तर वर्षातून दोनदा झडतात. पिंपळ, काशीद, साग, गुलमोहर. सगळी पानं सारखी कुजत नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सुबाभूळ ही शेंगवर्गातली झाडं. त्यांची पानं बारीक, लवकर विरघळतात. आंबा, फणस, रबर, उभा अशोक यांच्या चामड्यासारख्या पानांवर मेणाचा पातळ थर असतो. ती अख्खी टाकली तर सहा महिन्यांनी जशीच्या तशी हाती येतात. पोत्यात भरून पायाने तुडवून चुरली की निम्मा वेळ वाचतो. बांबूच्या पानांत सिलिका जास्त, तीही हट्टी. ज्याच्या दारात जे झाड असेल त्याने त्याचा स्वभाव ओळखावा. त्यावर एक वेगळं प्रकरण पुढे आहे.

खरी गोम आहे ती वेळापत्रकाची. पानं पडतात हिवाळ्याच्या शेवटी, उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे हवा आधीच कोरडी असते आणि डब्याला सुक्याची गरज त्या मानाने कमी. गरज सगळ्यात जास्त लागते जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा हवेतच दमटपणा असतो, डब्यातली वाफ बाहेर जात नाही आणि एकही सुकं पान कुठे मिळत नाही. कोकणात आणि मुंबईत डबे बंद पडतात ते बहुतेक याच चार महिन्यांत. वरच्या हिशोबाने या काळासाठी साधारण 30 ते 37 किलो सुकी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये भरून ठेवायला हवीत. आपण पावसाळ्यासाठी डाळी, पापड, कुरडया भरतो. पानं कोणी भरत नाही. ती तर झाडलोटीत गेलेली असतात.

आणि झाडलोटीनंतर आगीत. सकाळी रस्त्याच्या कडेला धुमसणारा छोटा ढीग कोणाला गुन्हा वाटत नाही, पण तो आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घातली. साध्या ढिगासाठी 5000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25000 रुपये दंड ठरवला. ज्या खटल्यात हा आदेश झाला तो अल्मित्रा पटेल यांनी 1996 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला होता. त्याच खटल्यातून 2000 सालचे घनकचऱ्याचे नियम आले. त्यांच्या जागी आलेल्या 2016 च्या नियमांनी बागेतला कचरा स्वतःच्या आवारात वेगळा साठवायला सांगितलं. हे कलम सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत वाचून दाखवलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

जाळण्याची सवय शहराचीच आहे असंही नाही. कोकणात भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, कवळं आणि शेणी पसरून राब भाजतात. त्यामागे तणाचं बी मारायचं आणि राख मिळवायची असं शेतीचं कारण तरी आहे. उसाच्या फडातलं पाचट जाळण्यामागे मात्र पुढच्या मशागतीची घाई एवढंच कारण असतं, आणि शेतकी खातं ते कुजवा म्हणून सांगून थकलं आहे. सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पेटवलेल्या पानांना तर तेवढंही कारण नसतं.

ओलं आणि सुकं यांचा मेळ घालायची ही रीत कोणी आज शोधून काढलेली नाही. तिचं पद्धतशीर शास्त्र झालं ते आपल्या शेजारी, इंदुरात. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारमधल्या पुसाच्या संस्थेत आले. आपण इथल्या शेतकऱ्याला शिकवायला आलो आहोत ही समजूत त्यांनी लवकरच बाजूला ठेवली, आणि कीड पडत नसलेली शेतं कोणाची हे बघायला सुरुवात केली. चीन, कोरिया आणि जपानमधल्या शेतीवरचं एफ. एच. किंग यांचं 1911 चं पुस्तक त्यांना वाट दाखवणारं ठरलं. पुढे 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री'त कापसावर काम करता करता त्यांनी खताची ती पद्धत बसवली, जिला जग 'इंदूर पद्धत' म्हणतं. शेतातला काडीकचरा, गुरांचं शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, लाकडाची राख. थरावर थर, पाणी, आणि तीन वेळा उलथापालथ: पहिली साधारण पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत खत तयार.

या पद्धतीतला मला सगळ्यात आवडणारा तपशील अगदी साधा आहे. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या लाकडासारख्या टणक, लवकर कुजत नाहीत. हॉवर्ड यांनी त्या संस्थेच्या शेतातल्या रस्त्यांवर पसरायला लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा झाला की मग ढिगात. त्यासाठी वेगळं यंत्र लागलं नाही की वेगळी मजुरी. आज आपण पानं चुरायला विजेवर चालणारा श्रेडर घ्यावा का, असं विचारतो तेव्हा सोसायटीच्या दारातून दिवसभर जाणाऱ्या गाड्यांकडे एकदा बघायला हरकत नाही.

1931 साली या कामाचं जे पुस्तक लंडनहून निघालं, त्यावर दोन लेखकांची नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे इंदुरातले त्यांचे सहकारी. हॉवर्ड यांना पुढे 'सर' किताब मिळाला, 1940 च्या त्यांच्या 'अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टामेंट'मुळे ते जगभरच्या सेंद्रिय शेतीचे आद्यपुरुष ठरले. वाडांचं नाव मात्र कंपोस्टवरच्या मराठी लेखनातही क्वचितच येतं. ते इथे यावं, एवढ्यासाठी हा परिच्छेद. गांधीजींनी 1935 मध्ये 'हरिजन'मधून इंदूर पद्धतीची माहिती वाचकांपुढे ठेवली आणि ती आश्रमांतून, ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांतून गावोगाव गेली. 1939 च्या सुमाराला बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला खड्ड्यात बंद करून, न उलथता कुजवण्याची रीत काढली. तिला वेळ जास्त लागतो, पण कष्ट कमी.

महाराष्ट्राची स्वतःची देणगी आली ती यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदहून. नारायण देवताव पांढरीपांडे या गांधीवादी कार्यकर्त्याने, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, शेतकऱ्याची खरी अडचण ओळखली: काडीकचरा ढिगाने आहे, शेण मात्र पुरत नाही, कारण त्याच्या गोवऱ्या होतात. त्यांनी विटांचं टाकं बांधलं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत ठिकठिकाणी एकेक वीट गाळून भोकं ठेवली, की हवा आपोआप आत खेळावी आणि ढीग उलथायला लागू नये. दीडएक टन काडीकचरा, तेवढीच किंवा थोडी जास्त माती आणि शेण फक्त शंभर किलोच्या आसपास. वरून शेणमातीने लिंपून टाकलं की तीन-चार महिन्यांत खत. आज बाजारात बाजूंना भोकं पाडलेला जो कुठलाही कंपोस्टचा पिंप मिळतो त्यामागची कल्पना हीच.

शेण कमी असलं तरी चालतं, हे नाडेपकाकांनी दाखवून दिलं याचं शहरी घराला फार मोल आहे. ढीग सुरू करायला जिवाणूंची पहिली तुकडी लागते, आणि ती दह्याच्या विरजणासारखी असते: थोडीशी पुरते, आणि एकदा लागलं की पुढचं विरजण घरचंच. मूठभर शेण, झाडाखालची ओलसर माती, आंबट ताक, किंवा शेजाऱ्याच्या तयार खताची ओंजळ, यातलं काहीही चालतं. पाकिटातून मिळणारी महागडी 'कल्चर' पावडर घेतल्याने नुकसान काही नाही, पण ती संपली म्हणून कंपोस्ट बंद पडलं असं कोणी सांगितलं तर समजावं, तिथे पावडर नाही, पानं संपली होती.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धन कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग करत होते. 'गोपुरी संडास' त्यांचाच. घरच्या डब्यात मैला घालायचा विचार या पुस्तकात कुठेही नाही, आणि कोणी करूही नये. पण ज्या समाजात खताला हात लावणं हे जातीवर ढकललेलं काम होतं तिथे एका शिकलेल्या माणसाने ते स्वतःच्या हाताने केलं, याची आठवण घरच्या कंपोस्टची घाण वाटणाऱ्यांनी ठेवावी. त्याच परंपरेतून पुढे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचा 'प्रयोग परिवार' उभा राहिला. पालापाचोळ्यात सूर्याची किती ऊर्जा साठलेली असते याचं गणित 'विपुलाच सृष्टी'मधून त्यांनी मांडलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं पिशव्यांत भरून गच्चीवर भाज्या पिकवल्या. गच्चीवरच्या बागेचं वेड आज जे दिसतं त्याची मुळं इथे आहेत.

भांड्यांबद्दल थोडक्यात. एकावर एक ठेवलेले मातीचे माठ, भोकं पाडलेला पिंप, जाळीचा क्रेट, जाड पिशवी, विटांचं टाकं, किंवा अंगण असेल तर नुसता कोपऱ्यातला ढीग: सगळ्यांत खत होतं. माठ हवा खेळवतो, पण फुटतो. पिंप टिकतो, पण तळाला निचरा नसेल तर पाणी धरतो. क्रेट स्वस्त, मात्र उन्हाळ्यात फार लवकर सुकतो. निवड जागेवरून करावी. भांड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

यंत्रांबद्दल मात्र वाद घालायला हवा. मोठ्या सोसायट्यांना '24 तासांत खत' देणारी विजेची यंत्रं विकली जातात. त्यातून जे निघतं ते दिसायला तपकिरी, भुसभुशीत असतं आणि समितीचे सभासद खूश होतात. प्रत्यक्षात तो तापवून, वाळवून, दळलेला कचरा असतो. कुजण्याची प्रक्रिया एका दिवसात होत नाही. जिवाणूंना तेवढा वेळच मिळालेला नसतो. हाच भुगा कुंडीत घालून पाणी दिलं की तो तिथे कुजायला लागतो, मुळांजवळचं नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळं पडतं. यंत्र घ्यायचंच असेल तर त्यातून निघालेला माल पुढे पानांत मिसळून काही आठवडे मुरवायची जागाही सोबत ठेवावी. विक्रेता हे सहसा सांगत नाही. जपानहून आलेल्या 'बोकाशी'चं थोडं असंच आहे. ती हवा बंद करून कचरा आंबवण्याची रीत आहे, आणि आपल्या जागी चांगली आहे, पण आंबलेला माल नंतर मातीत पुरावा लागतो. तो आपल्या आपण खत होत नाही.

आणि अळ्या. घरातली अर्धी भांडणं यांच्यावरून होतात. डब्यात दिसणाऱ्या जाड, करड्या-पांढऱ्या अळ्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या असतात. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसून रोग पसरवत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा खाऊन फार वेगाने संपवतात. त्या वाढल्या तर त्याचा अर्थ एवढाच की डब्यात ओलं आणि शिजलेलं अन्न जास्त झालं आहे. वर चार बोटं सुकी पानं घातली की माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही. चिलटांनाही हाच उपाय. वास, पाणी, अळ्या, चिलटं: पुढच्या प्रकरणांत प्रत्येक तक्रारीपुढे उपाय दिला आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी पानांचाच आहे हे पाहून वाचकाने कंटाळू नये.

काय घालू नये, याची यादी छोटी आहे. मटण-मासळीची हाडं-काटे, तेलकट आणि खारट खरकटं, दुधाचे पदार्थ यांनी उंदीर येतात. कुत्र्या-मांजरांची विष्ठा नाही. रोगट झाडांची पानं, फुलावर आलेलं गाजरगवत नाही. याला कारण आहे. तीन फूट लांब, रुंद आणि उंच असा मोठा ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. गॅलरीतला डबा कोमट होतो, तापत नाही. त्यात खत होतं, पण काही मरत नाही. म्हणूनच कुंडीत न पेरता टोमॅटो आणि लाल भोपळा उगवतो. भोपळा उगवला तर ठीक, गाजरगवत उगवलं तर नाही.

गांडुळांचं वेगळं प्रकरण केलं आहे, कारण गांडूळखत आणि कंपोस्ट यांत लोक फार गल्लत करतात. चार्ल्स डार्विन यांनी 1881 साली गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं, ते शेतातल्या गांडुळांवर. खतासाठी आपण वापरतो ती आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी वेगळी. ती मातीत खोल जात नाहीत, वरच्या कुजत्या थरात राहतात. त्यांना अर्धवट कुजलेला कचरा लागतो, ताजा तापणारा नाही. पस्तिशीच्या वर पारा गेला की ती तग धरत नाहीत, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली ठेवलेल्या गांडुळांचं काय होतं हे तिथल्या वाचकाला सांगायला नको. गांडूळ पाळणं म्हणजे जित्राब पाळणं आहे. ज्याला सुट्टीत पंधरा दिवस गावी जायचं आहे त्याने साधं कंपोस्ट करावं.

खत झालं हे कसं ओळखायचं? रंग काळपट, हाताला भुसभुशीत, आणि वास पहिल्या पावसातल्या मातीचा. तो वास खरोखरच तोच आहे. मातीतले अॅक्टिनोमायसिटीज गटातले जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात त्याचा. शंका असेल तर थोडं खत ओलं करून त्यावर अळीव पेरावा. जगभरच्या प्रयोगशाळा कच्चं खत ओळखायला हेच बी वापरतात, आणि आपल्याकडे ते बाळंतिणीच्या लाडवांसाठी घरात असतंच. तीन-चार दिवसांत दाट, हिरवं उगवलं तर खत तयार. विरळ आणि मलूल उगवलं तर आणखी महिनाभर मुरू द्यावं. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात; पानं पुरेशी घातली तर तीन-चार महिन्यांत फिटते.

अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. शहरी कंपोस्टसाठी सरकारी खत नियंत्रण आदेशात नत्राची किमान अट आहे ती 0.8 टक्के; युरियात ते 46 टक्के असतं. नत्राचा पुरवठा म्हणून कंपोस्टची आणि युरियाची बरोबरी होऊच शकत नाही. कंपोस्टचं काम वेगळं आहे: माती भुसभुशीत करणं, पाणी धरून ठेवणं, मातीतल्या जीवांना खाऊ घालणं. कुंडीत निम्म्याहून जास्त कंपोस्ट भरून झाड वाढत नाही म्हणून तक्रार करणारेही असतात. चौथा-तिसरा हिस्सा पुरे.

शहराच्या कचऱ्याबद्दल एक शब्द. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासून चालू आहे. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर मुंबईने कित्येक दिवस गिळला. पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरून गाड्या अडवल्या. 2018 मध्ये नारेगावच्या लोकांनी कचरा घ्यायला नकार दिला तेव्हा औरंगाबादेत आठवडेच्या आठवडे रस्त्यावर ढीग साचले. या सगळ्या ठिकाणी सडतो, झिरपतो आणि मिथेन सोडतो तो मुख्यतः ओला कचरा. उलट वेंगुर्ल्यासारख्या लहान गावाने वर्गीकरण मनावर घेतलं आणि डम्पिंगच्या जागेवर लोक फिरायला येऊ लागले. घरच्या कंपोस्टने मुंबईचा प्रश्न सुटेल असा दावा मी करणार नाही. तो महापालिकांचा प्रश्न आहे आणि त्यांनी तो नागरिकांच्या गळ्यात मारू नये. पण ओला कचरा ट्रकमधून पन्नास किलोमीटर नेणं आणि त्याच्या जोडीची पानं फाटकाशी जाळणं, हा कारभार तरी आपल्या हातात थांबवण्यासारखा आहे. पुण्यात 'ब्राऊन लीफ' या नावाने काही लोकांनी पानं नकोशी असणारे आणि पानं हवी असणारे यांची गाठ घालून दिली. एवढी साधी गोष्ट, पण कंपोस्टच्या डझनभर शिबिरांपेक्षा मला ती जास्त उपयोगी वाटते.

पुस्तकाची रचना म्हणूनच महिन्यांनुसार केली आहे आणि सुरुवात जानेवारीपासून आहे. मधूनच उघडायला हरकत नाही. ते पावसाळ्यात हाती पडलं असेल तर पानांची वाट बघत थांबू नका. वखारीतला साध्या लाकडाचा भुसा, कोकोपीट, नारळाच्या शेंड्या पिंजून, पुठ्ठ्याचे तुकडे, यांवर चार महिने निभतात. प्लायवूडचा भुसा मात्र नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. आणि डिसेंबर संपायच्या आत तुमच्या सोसायटीत किंवा गल्लीत झाडलोट करणाऱ्या मावशींशी बोलून घ्या. पानं गोळा त्याच करतात, आणि ती न्यायला कोणी येत नाही म्हणून नाइलाजाने काडीही त्याच लावतात. रिकामी पोती तुम्ही द्या, भरलेली तुम्ही उचला, आणि त्या जास्तीच्या कामाचे पैसे त्यांच्या हातात ठेवा.